पहाटेपर्यंत पुरवायचा साठा: वनस्पतींचं सिस्टिम्स बायोलॉजी कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कृषी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करताय, मार्गदर्शकांनी पीएच.डी.साठी ‘प्लांट सिस्टिम्स बायोलॉजी’ सुचवलंय, पण वर्गात ऐकलेल्या व्याख्येवरून ते नेमकं काय असतं हे कळत नाही. एकेक जनुक शोधून त्याचं काम लावायची रीत चांगली चालू असताना हे गणिताचं ओझं कशाला घ्यायचं, आणि शेवटी शेतकऱ्याच्या पदरात त्यातून काय पडणार, अशी शंकाही तुम्ही विचारली आहे.

मी वनस्पती शरीरक्रियाशास्त्रातून या विषयात आलो, त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. व्याख्या मलाही पहिल्यांदा कळली नव्हती. कळलं ते एका रोपाच्या गोष्टीवरून, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं वीतभर उंचीचं तण आहे. वनस्पतींमध्ये सर्वांत आधी, २००० साली, पूर्ण जनुकसंच वाचला गेला तो याचा. हे रोप दिवसा जी साखर बनवतं तिचा एक हिस्सा पानातच स्टार्च म्हणून साठवून ठेवतं आणि रात्री तो मोडून खातं. रात्री कमाई बंद असते, पण श्वसन आणि वाढ थांबत नाही. साठा पहाटेआधीच संपला तर उरलेले तास उपासमारीचे. खूप उरला तर वाढीला लावता आलं असतं ते धन नुसतं पडून राहिलं. मोजलं तेव्हा असं दिसलं की उजाडेपर्यंत जवळजवळ ९५ टक्के स्टार्च संपलेला असतो आणि तो संपण्याचा वेग रात्रभर जवळपास सारखाच असतो. पहिल्या प्रहरी हात सैल आणि शेवटी ओढाताण, असं होत नाही.

इथवर कुणी म्हणेल की सवयीनं जमलं असेल. म्हणून इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या जॉन इनेस सेंटरमध्ये अ‍ॅलिसन स्मिथ यांच्या गटानं रोपाला फसवून पाहिलं. १२ तास उजेड आणि १२ तास अंधार अशा चक्रात वाढलेल्या रोपांवरचे दिवे एके दिवशी ८ तासांनीच बंद केले. आता ढोबळ हिशेब तुम्हीच करून बघा. उजेड दोन-तृतीयांशच मिळाला, म्हणजे साठाही साधारण तेवढाच. रात्र मात्र १६ तासांची. साठा पहाटेपर्यंत पुरवायचा तर खर्चाचा वेग नेहमीच्या निम्म्यावर आणायला हवा. रोपानं पहिल्याच रात्री तसंच केलं आणि साठा नेहमीच्याच पहाटेच्या सुमारास संपला. हे काम २०१० साली प्रसिद्ध झालं. मग गणिती मांडणी करणाऱ्या मार्टिन हॉवर्ड यांच्यासोबत याच गटानं २०१३ साली मांडलं की रोप प्रत्यक्षात भागाकार करतंय: हाताशी असलेला साठा भागिले पहाटेला उरलेला वेळ.

आता तुमच्या पहिल्या शंकेकडे येतो. हा भागाकार करणारं जनुक कोणतं?

असं एक जनुक नाही. स्टार्च मोडणारी विकरं (एन्झाइम) माहीत आहेत, त्यांची जनुकं माहीत आहेत, ती बंद केलेली म्युटंट रोपंही उपलब्ध आहेत. त्यातलं एखादं बंद केलं की स्टार्च मोडणं मंदावतं, एवढं कळतं. पण ‘किती उरलंय’ आणि ‘किती वेळ आहे’ या दोन गोष्टी कुठेतरी एकत्र येऊन वेग ठरतो, हा गुण कुठल्याही एका विकरात बसलेला नाही. तो त्यांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यात आहे, आणि ते नातं वेळेनुसार बदलतं. भागांमधली अशी नाती मोजायची, समीकरणात मांडायची (या मांडणीलाच मॉडेल म्हणतात), त्यावरून अजून न केलेल्या प्रयोगाचं भाकीत करायचं आणि मग प्रयोग करून ते खरं की खोटं बघायचं: सिस्टिम्स बायोलॉजी म्हणजे एवढंच.

हॉवर्ड-स्मिथ यांनी भागाकारासाठी सुचवलेली रचना साधी आहे. एका रेणूचं प्रमाण स्टार्चच्या साठ्याबरोबर वाढतं-घटतं, दुसऱ्याचं पहाटेला उरलेल्या वेळेबरोबर. पहिला रेणू स्टार्च मोडायला चालना देतो आणि दुसरा पहिल्याला अडवतो. मग वेग आपोआप दोघांच्या भागाकाराइतका निघतो. मात्र याला प्रतिस्पर्धी मांडणीही आहे. २०१३ सालीच असंही दिसून आलं की प्रकाशसंश्लेषणातून बनलेली साखर स्वतःच रोपाचं अंतर्गत घड्याळ मागेपुढे सरकवते. मग कदाचित साखरेच्या चढउताराकडे बघत घड्याळ जुळवून घेणं एवढ्यावरच काम भागत असेल, वेगळ्या भागाकाराची गरज नसेल, असं काही जण मानतात. दोन्ही मांडण्या नेहमीच्या रात्रीबद्दल एकच उत्तर देतात. त्यांच्यातला फरक दिसतो तो वेगळ्या प्रकारे फसवलेल्या रात्रींमध्ये, आणि ती रात्र कशी घडवायची हे समीकरणं सोडवल्याशिवाय सुचत नाही. गणित लागतं ते इथे.

पहाटेला किती वेळ उरलाय हे रोपाला कळतं ते याच घड्याळामुळे. स्मिथ यांच्या गटानं रोपांना २८ तासांच्या ‘दिवसात’ वाढवलं, म्हणजे १४ तास उजेड आणि १४ तास अंधार. साठा संपला तो आदल्या पहाटेपासून साधारण २४ तासांनी, उजेड यायला अजून चार तास बाकी असताना. रोप बाहेरच्या दिव्यापेक्षा आतल्या घड्याळावर विश्वास ठेवत होतं. ज्या म्युटंटमध्ये हे घड्याळ जलद चालतं, त्याचा साठा नेहमीच्या रात्रीतही पहाटेआधीच संपतो.

झाडांना घड्याळ असतं हे आपल्याला नवं नाही. चिंच, शिरीष, टाकळा संध्याकाळी पानं मिटतात. ‘झाडं झोपलीत, हात लावू नको’ असं आमच्या घरी दिवेलागणीनंतर बजावलं जायचं. १७२९ साली फ्रान्सच्या द मेराँ यांनी लाजाळूसारखं रोप सतत अंधारात ठेवलं, तरी पानांची उघडझाप ठरल्या वेळी चालूच राहिली. पण या घड्याळाची यंत्रणा उलगडण्याचा इतिहास सांगतो तो वेगळ्या कारणासाठी. चुकलेलं मॉडेलही किती उपयोगी असतं हे त्यातून दिसतं.

२००१च्या सुमारास चित्र असं होतं: पहाटे वाढणारी दोन प्रथिनं, सीसीए-१ आणि एलएचवाय, संध्याकाळच्या टॉक-१ या जनुकाला दाबतात, आणि टॉक-१ उलट त्या दोघांना चालना देतं. कागदावर वर्तुळ छान पूर्ण होतं. अँड्र्यू मिलर यांच्या गटानं २००५ साली ते समीकरणांत घातलं तेव्हा ते बसेना. टॉक-१ची भरती संध्याकाळी येते आणि सीसीए-१ वाढतं पहाटे. मधले तास कोण सांभाळतं? म्हणून त्यांनी ‘एक्स’ आणि ‘वाय’ असे दोन अज्ञात घटक कल्पिले. ‘वाय’ दिवसभरात कसा वाढेल-घटेल याचा आलेख मॉडेलनं आधीच काढून दिला, आणि तो गायगँटिया या आधीच माहीत असलेल्या जनुकाच्या वर्तनाशी जुळला. हे यश होतं. ‘एक्स’ मात्र सापडेना. २०१२ साली कळलं की टॉक-१ त्या दोघांना चालना देतच नाही, तेही दाबतंच. समीकरणात अधिकच्या जागी वजा हवं होतं. चिन्ह बदललं आणि ‘एक्स’ची गरजच संपली.

मला या प्रसंगाचं मोल फार वाटतं. बाणांच्या आकृतीनं कुणालाही अडवलं नव्हतं. आकड्यांनी सात वर्षं सांगितलं की इथे काहीतरी चुकतंय.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो, कारण तुमच्यावर तो येऊ नये असं मनापासून वाटतं. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही पाण्याचा ताण दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांच्या पानांचे नमुने घेतले. न दिलेल्यांचे सकाळी दहाला, ताणाच्या रोपांचे दुपारी एकनंतर, कारण नमुने गोठवायचं द्रव नायट्रोजनचं पात्र एकच होतं. शेकडो जनुकं ‘ताणाला प्रतिसाद देणारी’ निघाली आणि आम्ही आनंदात होतो. पुढे तेच नमुने दर तीन तासांनी, दोन्ही बाजूंचे एकाच वेळी घेतले, तेव्हा त्यातली बरीचशी जनुकं नुसती दुपारी वाढणारी निघाली. अरॅबिडॉप्सिसमध्ये साधारण एक-तृतीयांश जनुकं घड्याळाच्या तालावर चढतात-उतरतात. वर्षभराचं काम बाजूला ठेवावं लागलं. तेव्हापासून कुठलाही शोधनिबंध हातात घेतला की मी आधी नमुने किती वाजता घेतले ते शोधतो.

आता शेताकडे येऊ. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

सोलापूर, मंगळवेढ्याकडचा शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, डोळ्यांपुढे आणा. पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर पाऊस जवळपास नाही. काळ्या भारी जमिनीत जी ओल आहे तीच पूंजी, आणि तिच्यावर चार महिने काढायचे. पीक पोटरीत येतं, निसवतं, आणि नेमकं दाणा भरायच्या वेळी जमीन भेगाळलेली असते. पानं खालून वर करपत जातात. खोड कमजोर होतं, खडखड्या रोग येतो, ताटं लोळतात.

काही वाणांची पानं या काळातही हिरवी राहतात. इंग्रजीत याला ‘स्टे-ग्रीन’ म्हणतात. जगभर वापरला गेलेला याचा एक स्रोत म्हणजे बी-३५ ही ओळ (पैदाशीसाठी स्थिर केलेला वाण), मूळ इथिओपियाच्या ज्वारीतून आलेली. तिच्या जनुकसंचात या गुणाशी जोडलेले चार मुख्य भाग सापडले, त्यांना स्टेजी-१ ते स्टेजी-४ म्हणतात. आता एकेक जनुक शोधणारा माणूस काय करेल? पान हिरवं राहतंय, तर पर्णहरित मोडणारी यंत्रणा मंदावली असणार, चला ती शोधू. विचार सरळ आहे आणि मीही तसाच केला असता.

ऑस्ट्रेलियात अँड्र्यू बोरेल आणि ग्रॅम हॅमर यांनी, आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेत व्हिन्सेंट व्हाडेझ यांच्या गटानं रोपाचा पाण्याचा जमाखर्च मोजायला घेतला तेव्हा बरंचसं उत्तर दुसरीकडेच सापडलं. या जनुकभागांमुळे फुटवे कमी येतात आणि वरची पानं थोडी लहान होतात. म्हणजे पेरणीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पीक पाणी कमी उडवतं. ते वाचलेलं पाणी जमिनीत खाली राहतं आणि दाणा भरताना कामाला येतं. जानेवारीत पान हिरवं आहे, कारण नोव्हेंबरमध्ये फुटवे कमी होते. दाणा भरतानाच्या पानातली जनुकं कितीही बारकाईनं वाचली असती तरी हे दिसलं नसतं. कारण आणि परिणाम यांच्यात दोन महिन्यांचं आणि जमिनीच्या कित्येक थरांचं अंतर आहे.

वाचलेल्या पाण्याची किंमत किती असते? ऑस्ट्रेलियातल्या गव्हावरच्या प्रयोगांत, फुलोऱ्यानंतर जमिनीच्या खोल थरांतून मिळालेल्या दर १ मिलिमीटर जादा पाण्यामागे हेक्टरी ५० किलोहून अधिक धान्य वाढलं. हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १०,००० लिटर, दोन लहान टँकर. तेच पाणी फुलोऱ्याआधी पानांतून उडून गेलं असतं तर धान्याच्या हिशेबात त्याचं मोल फार कमी. पाणी तेवढंच, फरक फक्त वेळेचा.

मग सगळ्या शाळूत हे चार भाग घालून मोकळं व्हावं का? इथे मॉडेल हवं. फुटवे कमी आणि पानं लहान म्हणजे चांगल्या ओलीच्या वर्षी उत्पादनाला कात्री. शिवाय तोच जनुकभाग वेगवेगळ्या वाणांत घातला तर परिणाम सारखा येत नाही; ज्या वाणाला मुळातच फुटवे कमी, तिथे आणखी काय कमी होणार? जमीन किती खोल, पेरताना किती ओल, फुलोरा किती दिवसांनी, दुपारची हवा किती कोरडी, या सगळ्यांवर निकाल ठरतो. हे सगळे मेळ शेतात लावून बघायला कित्येक आयुष्यं लागतील. एपीसिमसारख्या पीक-मॉडेलमध्ये गेल्या काही दशकांचं हवामान आणि जमिनीची खोली घातली तर कुठल्या पट्ट्यात दहापैकी किती वर्षं फायदा आणि किती वर्षं तोटा याचा अंदाज निघतो, आणि मग मोजके प्रयोग योग्य ठिकाणी लावता येतात. रब्बी ज्वारीसाठी अशा तऱ्हेचं काम झालेलं आहे.

आणि कडबा. पानं लहान म्हणजे कडबा कमी, आणि शाळू घेणारा शेतकरी कडब्याचे पैसे धान्याइतक्याच काळजीनं मोजतो. शाळूचा मालदांडी हा वाण इतकी वर्षं टिकून आहे त्यात भाकरीच्या चवीइतकाच कडब्याचाही वाटा आहे. हा घटक मॉडेलमध्ये नसेल तर उत्तर गणितानं बरोबर येईल आणि शेतात कुणी घेणार नाही. पीएच.डी.त हा विषय घेतलात तर जनावरांच्या चाऱ्याचं समीकरण पहिल्याच वर्षी लिहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुम्हाला जनुक बदलण्यातच रस असेल तर प्रकाशसंश्लेषणाकडेही बघा. पानावर प्रखर ऊन पडलं की ते जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून देतं; ढग आल्यावर ही झडप लगेच बंद व्हायला हवी, पण ती सावकाश बंद होते. यात किती कमाई बुडते ते इलिनॉयमधल्या स्टीफन लाँग यांच्या गटानं आधी संगणकावर मोजलं. मग ही झडप हाताळणाऱ्या तीन जनुकांचं प्रमाण एकत्र वाढवून २०१६ साली तंबाखूत दाखवलं की शेतातलं वस्तुमान सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं, आणि २०२२ साली सोयाबीनच्या काही ओळींत धान्य ३३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचं नोंदवलं. पुढच्या हंगामात वादळी पावसानं पीक लोळलं आणि फरक दिसला नाही, हेही त्यांनी लिहिलं आहे. शेत असंच असतं. पण तीन जनुकं एकत्र हलवायची, एकटंदुकटं नाही, हे ठरलं ते आधी केलेल्या हिशेबातून.

या विषयात मला काय खटकतं तेही सांगायला हवं. आज ‘सिस्टिम्स बायोलॉजी’ या पाटीखाली पुष्कळदा नुसता डेटा गोळा केला जातो. सगळी जनुकं, सगळी प्रथिनं, सगळे चयापचयी रेणू मोजायचे, त्यांच्यातल्या सहसंबंधांचं सुगरणीच्या घरट्यासारखं गुंतलेलं चित्र छापायचं आणि थांबायचं. २५,००० जनुकांच्या जोड्याच ३१ कोटींवर जातात. त्यातल्या हजारो नुसत्या योगायोगानं एकमेकींसारख्या वागताना दिसणार. त्या चित्रातून ‘हा प्रयोग केला तर असं होईल, आणि तसं झालं नाही तर आम्ही चुकलो’ असं एकही वाक्य निघत नसेल, तर त्याला मी या विषयात धरत नाही. प्रयोगशाळा निवडताना तिथल्या शोधनिबंधांत असं वाक्य सापडतं का ते बघा. उपकरणं किती महागडी आहेत ते नंतर बघितलं तरी चालेल.

एकेक जनुकाचा अभ्यास मात्र टाकाऊ ठरत नाही. ओडिशातल्या एफआर-१३ए या भातातून मिळालेलं सब-१ए जनुक पिकाला पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे तग धरायला मदत करतं. ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात घातलं आणि २००९ साली ‘स्वर्णा सब-१’ शेतात गेलं. तिथे एका जनुकाचा परिणाम एवढा मोठा आहे की मॉडेलची वाट बघायची गरज नव्हती. ताण अचानक, तीव्र आणि एकाच प्रकारचा असेल तर असं एखादं जनुक हाती लागू शकतं. अवर्षण चार महिने पसरलेलं असतं आणि दर वर्षी वेगळं येतं. तुमचा गुण या दोन्हींपैकी कुठल्या जातीचा आहे हे आधी ओळखा, पद्धत त्यावरून ठरेल.

शिकायचं काय, तर डिफरन्शियल समीकरणं, म्हणजे बदलाचा वेग मांडणारी समीकरणं. फार नाहीत, दोन-तीन घटकांची कागदावर आणि बाकीची पायथन किंवा आर या संगणक-भाषांमध्ये सोडवता आली तरी सुरुवातीला पुरे. संख्याशास्त्र नीट. आणि त्याच्याआधी, या महिन्यातच, एक वजनकाटा घ्या. शाळूचे दोन वाण, प्रत्येकी पाच-सहा कुंड्या, सारखीच काळी माती. पोटभर पाणी देऊन निथळू द्या, मातीचं तोंड प्लास्टिकनं बांधा म्हणजे पाणी फक्त पानांतूनच जाईल, मग पाणी बंद करा आणि रोज पहाटे आणि सूर्यास्ताला वजन घ्या. पानांची लांबी-रुंदीही लिहून ठेवा. सुरुवातीचे काही दिवस रोज जाणारं पाणी पानांच्या क्षेत्रफळाशी आणि दुपारच्या कोरडेपणाशी जुळेल. मग एक दिवस येईल, साधारणपणे रोपाला वापरता येण्याजोगी ओल निम्म्याच्या खाली उतरली की, जेव्हा ऊन तेवढंच असूनही पाणी कमी जाऊ लागेल. पानांची छिद्रं आखडू लागलेली असतील. दोन वाणांत हा दिवस बहुधा वेगवेगळा येईल. तो आलेख घेऊन मार्गदर्शकांकडे जा आणि तो वाकण्याचा बिंदू समीकरणात कसा लिहायचा, एवढंच त्यांना विचारा.